पुणे आकाशवाणी: चावडीपासून इअरफोनपर्यंत

हा एपिसोड तुम्ही बसमध्ये ऐकत असाल, भांडी घासताना ऐकत असाल, नाहीतर झोप येत नाही म्हणून ऐकत असाल. बहुतेक जण एकटेच, कानात इअरफोन घालून. आजची गोष्ट मात्र अशा रेडिओ केंद्राची आहे, ज्याच्यासाठी एकेकाळी वीस-वीस माणसं एका सेटभोवती बसायची.

हे केंद्र म्हणजे आकाशवाणी पुणे. सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. मुंबईत रेडिओ १९२७ पासून होता, पण पुण्याला स्वतःचं केंद्र मिळालं ते स्वातंत्र्यानंतर. तेव्हा रेडिओ सेट महाग होता. वर त्याचं लायसन्स काढावं लागायचं आणि त्याची फी दरवर्षी पोस्टात भरावी लागायची. त्यामुळे ज्याच्याकडे सेट, त्याच्याकडे शेजारपाजार गोळा व्हायचा. कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागायचा. ना पॉज, ना रिवाइंड.

याच केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, दर आठवड्याला नवं गाणं, अशी वर्षभर एकूण ५६ गाणी. आजच्या भाषेत सांगायचं तर वीकली सिरीज!

पण मला तुम्हाला खरं सांगायचंय ते पुढच्याच वर्षीच्या एका प्रयोगाबद्दल. ‘गीतरामायण’ सगळ्यांना माहीत असतं, हा प्रयोग फारसा कुणाला माहीत नसतो.

१९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत ‘रेडिओ ग्रामीण मंच’ सुरू केले. गावातली माणसं एकत्र जमायची आणि शेती, आरोग्य अशा विषयांवरचा अर्धा तास ऐकायची. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे. आता गंमत बघा. कार्यक्रम संपला की उठून जायचं नाही. त्यावर चर्चा करायची, आपल्या शंका लिहून केंद्राला पाठवायच्या, आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत यायची. म्हणजे सेटसमोर बसलेला माणूस नुसता ऐकत नव्हता, परत बोलतही होता. १९५९ मध्ये ही कल्पना देशभर नेली गेली.

मग ती टिकली का नाही? सरळ एकच कारण देता येणार नाही. पण रेडिओ कसा बदलत गेला, ते बघूया.

केंद्रीय मंत्री बा. वि. केसकरांच्या काळात, १९५२ पासून, आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली. लोक काय गप्प बसतात! त्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर इथल्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. देशात पहिल्यांदा याच तीन शहरांत, बरं का! त्याच सुमारास ट्रान्झिस्टर घरोघरी पोचला. रेडिओ चावडीवरून स्वयंपाकघरात आला, शेताच्या बांधावर गेला. गाणं, जाहिरात, पुन्हा गाणं, असा नवा साचा तयार झाला. ऐकणाऱ्याचं पत्र अजून यायचं, पण आता बहुतेक फर्माईशीचं.

पुढे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. काही वर्षांत पुण्यात खासगी एफएम आलं. आरजे आले, फोन-इन आले, रेडिओ आपल्यासारखं बोलायला लागला. पण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई. आज कुठे ट्रॅफिक जाम आहे ते सांगता येतं, पण महापालिकेत काय चाललंय याची बातमी देता येत नाही. आवाज लोकल, पण लोकल बातमी नाही.

म्हणूनच जून २०२३ मध्ये आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचं ठरलं, तेव्हा केवढा विरोध झाला. शेवटी तो निर्णय थांबवावा लागला. रोज सकाळी चहाबरोबर त्या बातम्या ऐकणाऱ्यांसाठी तो फक्त एक विभाग नव्हता.

या सगळ्यात मला एक दिसतं. फॉरमॅट नुसत्या आवडीने बदलत नाही. पैसे कोण देतो, हातात यंत्र कोणतं आहे आणि परवानगी कशाची आहे, यावर तो ठरतो. प्रत्येक बदलाने आपल्याला जास्त मोकळीक दिली. हवं ते, हवं तेव्हा ऐकता येतं, आणि ते मला परत द्यायचं नाहीये. पण एकत्र बसून ऐकणं आणि मग उलट प्रश्न विचारणं, हे मधेच कुठेतरी सुटलं. म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग वाहिनी’सारखी सामुदायिक रेडिओ केंद्रं आता तेच पुन्हा जमवू बघतायत.

आपणही थोडं जमवू. हा एपिसोड आज घरात कुणाबरोबर तरी स्पीकरवर ऐका. आजी-आजोबांना विचारा, तुमच्याकडे रेडिओ कुठे ठेवलेला असायचा, आणि कोण कोण ऐकायला यायचं? त्यांच्याच आवाजात व्हॉइस नोट पाठवा. शंका असतील तर त्याही पाठवा. उत्तरं पुढच्या एपिसोडमध्ये.

चला, भेटूया.