तळघरभूमी, काँक्रीटची (जुन्या घरांतील)

घराच्या जोत्याखाली, जमिनीच्या पोटात बांधलेल्या खोलीची काँक्रीट ओतून केलेली भूमी, आणि तिच्यावर करावयाचे संस्करण व संरक्षण. हा विषय मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग आणि कॅनडा यांच्याशी निगडित आहे. हिवाळ्यात जमिनीतील पाणी गोठून फुगते आणि वरच्या बांधकामाला उचलते. म्हणून तेथे इमारतीचा पाया गोठणरेषेच्या खाली नेणे भाग असते. शिकागोत या रेषेची खोली ४२ इंच, तर टोराँटोत सुमारे १.२ मीटर धरली जाते, आणि इतके खणावेच लागते तर आणखी थोडे खणून घराच्या विस्ताराएवढी एक खोली पदरात पाडून घ्यावी, हा हिशेब तेथील घरबांधणीत फार पूर्वीपासून रूढ आहे. प्रस्तुत नोंदीत ‘जुने घर’ म्हणजे काँक्रीटखाली पॉलिथिनचा बाष्परोधक पडदा अंथरण्याची रीत सार्वत्रिक होण्यापूर्वी बांधलेले घर, असा अर्थ घेतला आहे. कारण या भूमीची पुष्कळ दुखणी त्या एका पडद्याच्या अभावातून उद्भवतात.

रचना : या भूमीचा थर पुष्कळदा अवघा दोन-तीन इंच जाडीचा असतो आणि लोखंडी सळईवाचून, कोळशाच्या राखेवर, खडीवर अथवा नुसत्या धुमसाने ठोकलेल्या मातीवर ओतलेला आढळतो. घराचा भार भिंतींवाटे त्यांच्या पायथ्याकडे जातो, तो या भूमीवर येत नाही. त्यामुळे आकुंचनाने पडलेल्या बारीक भेगा दिसल्या म्हणून घर खचत आहे असे समजण्याचे कारण नसते. मात्र बाहेरची माती ज्या भिंतींना आत रेटीत असते, त्यांचे तळ एकमेकांपासून दूर धरून ठेवण्याचे काम हा पातळ थर मुकाट्याने करीत असतो, आणि म्हणून तो सबंध एकाच वेळी उखडून काढणे धोक्याचे ठरते. अशी पाळी आल्यास टप्प्याटप्प्याने व जाणकार अभियंत्याच्या देखरेखीखालीच ते काम करवावे.

इतिहास : अशा काँक्रीटला बांधून धरणाऱ्या पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली घेतले, अमेरिकेत डेव्हिड सेलर याने पेनसिल्व्हेनियातील कोप्ले येथे १८७१ साली.

ओल : भूमीवर काय पसरावे, हा प्रश्न घरमालक सर्वांत आधी विचारतो, वस्तुतः तो सर्वांत शेवटी विचारण्याचा आहे. त्याआधी पाणी कोठून येते याचा निकाल लागला पाहिजे, आणि त्याच्या वाटा एकाहून अधिक असल्यामुळे तो निकाल घाईने लावता येत नाही. पावसाळी दिवसांत वा बर्फ वितळताना भूजलाची पातळी चढली, तर द्रवरूप पाणी भिंत व भूमी यांच्या सांध्यातून दाबाने आत शिरते. पाणी खाली असतानाही, वातीतून तेल चढावे तसे ते मातीच्या व काँक्रीटच्या सूक्ष्म रंध्रांतून केशाकर्षणाने वर येते. आणि या दोहोंचा मागमूस नसला तरी मातीतील बाष्प काँक्रीट भेदून खोलीतील कोरड्या हवेकडे अखंड वाहत राहते. वर येणारे पाणी विरघळलेले क्षार बरोबर आणते, पाणी उडून गेले की ते पृष्ठभागावर पांढऱ्या भुकटीच्या रूपाने मागे राहतात, आणि आपल्याकडे जुन्या भिंतींना लोणा लागतो म्हणतात तोच प्रकार येथे पायांखाली घडतो. ही भुकटी झाडून टाकून तिच्यावर रंग देणे व्यर्थ होय, कारण पुढचे क्षार रंगाखाली साचतात आणि त्याचे पोपडे काढतात.

चौथी वाट वरून येते आणि तीच सर्वाधिक फसवी आहे. उन्हाळ्यात बाहेरची हवा २७° से. तापमानाची व ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेची असेल, तर तिचा दवबिंदू सुमारे २१° से. असतो, जमिनीच्या सान्निध्याने तळघराची भूमी १८° से.वर राहिली असेल, तर ती हवा आत येताच भूमीवर पाणी धरते. अशा दिवसांत हवा खेळावी या सद्हेतूने खिडक्या उघडणारा मनुष्य तळघर ओले करीत असतो, आणि मग फरशीखालून झरा फुटला अशा समजुतीने गवंड्याला बोलावतो. ऋतुमानाप्रमाणे खिडक्या बंद ठेवणे आणि आर्द्रताशोषक यंत्र चालविणे हाच यावर इलाज आहे. लेपाने ही ओल थांबत नाही.

द्रवरूप पाण्याचा बंदोबस्त तर घराबाहेरच करावयाचा असतो. १०० चौ. मी. छपरावर २५ मिमी. पाऊस पडला की २,५०० लिटर पाणी पन्हळांतून खाली येते, आणि पन्हळीचे तोंड भिंतीच्या मुळाशी सोडलेले असेल तर त्यातील मोठा वाटा तळघराच्या वाट्याला येतो. पन्हळी साफ ठेवणे, त्यांचे पाणी दोन-तीन मीटर दूर नेऊन सोडणे आणि भिंतीपासून पहिल्या १० फुटांत जमिनीला ६ इंचांचा उतार देणे, एवढ्याने पुष्कळ तळघरे कोरडी होतात. हे काम अल्प खर्चाचे असून लेप विकणाऱ्यांच्या जाहिरातींत त्याचा उल्लेख क्वचित सापडतो. एवढे करूनही पाणी येत राहिल्यास भूमीच्या कडेने आतून चर खणून, त्यात सच्छिद्र नळ घालून, जमलेले पाणी खड्ड्यातील पंपाने बाहेर काढण्याची तजवीज करतात.

ओलीचे मापन : सर्वांत सोपी चाचणी एएसटीएम या अमेरिकी मानकसंस्थेच्या डी ४२६३ या क्रमांकाने प्रमाणित झालेली आहे. १८ इंच औरसचौरस पारदर्शक पॉलिथिनचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भूमीवर बंद करावा, किमान १६ तास तसाच राहू द्यावा आणि मग त्याखाली दव जमले आहे काय किंवा काँक्रीट काळवंडले आहे काय हे पाहावे. ती होय किंवा नाही एवढेच सांगते. शिवाय ज्या दिवशी केली त्या दिवसापुरतेच सांगते, म्हणून ती कोरड्या व ओल्या अशा दोन्ही ऋतूंत करणे इष्ट. एफ १८६९ या चाचणीत निर्जल कॅल्शियम क्लोराइडचे वजन करून ते झाकणाखाली ६० ते ७२ तास भूमीवर ठेवतात आणि वजनातील वाढीवरून १,००० चौ. फुटांतून २४ तासांत किती पौंड बाष्प बाहेर पडते ते काढतात; पुष्कळ आच्छादनांचे उत्पादक ३ पौंडांची मर्यादा घालतात. या रीतीवर आक्षेप असा की, ती थराच्या फक्त वरच्या भागातील ओल मोजते. म्हणून एफ २१७० या चाचणीत काँक्रीटला भोक पाडून, एका बाजूने सुकणाऱ्या थराच्या बाबतीत जाडीच्या ४० टक्के खोलीवर शलाका बसवितात आणि तेथील सापेक्ष आर्द्रता वाचतात. या वाचनापूर्वी थांबावयाची मुदत पूर्वी ७२ तास होती, ती २०१८ मध्ये २४ तासांवर आणली गेली. तथापि या चाचण्या नव्याने ओतलेले काँक्रीट किती सुकले हे ठरविण्यासाठी योजिलेल्या आहेत. पडदा नसलेल्या जुन्या भूमीच्या बाबतीत सुकण्याचा शेवट असा नसतोच. खालची जमीन तिला नित्य ओल पुरवीत असते, आणि वर अभेद्य आच्छादन पडताच थरातील आर्द्रता खालून वरपर्यंत समान होऊ लागते. आज उघड्या भूमीवर मिळालेला समाधानकारक आकडा उद्या आच्छादित भूमीस लागू पडेल असे समजणे, ही या क्षेत्रातील सर्वांत महाग पडणारी चूक होय.

पृष्ठभाग तयार करणे : लेप टिकतो की उखडतो हे बव्हंशी येथे ठरते. पाण्याचा थेंब भूमीवर टाकला असता तो लवकर शोषला गेला नाही, तर तेल, मेण किंवा जुना लेप रंध्रे बुजवून बसला आहे असे समजावे. पूर्वी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने पृष्ठभाग खरवडीत. परंतु आम्लाच्या वाफा बंद खोलीतील भट्टी, तापक व लोखंडी नळ यांना गंज चढवितात, आणि नंतरच्या धुण्याने आधीच ओल्या असलेल्या काँक्रीटमध्ये आणखी पाणी भरते, म्हणून तळघरात ही पद्धत त्याज्य मानावी हे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. हिरकणीच्या चकतीचे, धूळशोषक जोडलेले घासयंत्र अधिक चांगले. मात्र काँक्रीटच्या धुळीतील सिलिका फुप्फुसांस घातक असते. अमेरिकेच्या श्रमखात्याने २०१६ च्या नियमांन्वये कामगारांसाठी तिची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम इतकी कडक ठेवली आहे.

घासण्यापूर्वी आणखी एका गोष्टीची खातरजमा अवश्य करावी. विसाव्या शतकाच्या मध्यास तळघरांत ९ इंची चौकोनी तुकडे काळ्या डांबरी चिकट द्रव्याने बसविण्याची पद्धत होती, आणि त्या तुकड्यांत, तसेच पुष्कळदा त्या काळ्या द्रव्यातही, ॲस्बेस्टॉस असे. तुकडे शाबूत असतील तर त्यांना हात न लावता ते झाकून टाकणे सुरक्षित. घासणे, फोडणे वा कोरडे खरवडणे सर्वथा वर्ज्य. तुकडे केव्हाच गेले आणि भूमीवर काळे डाग तेवढे उरले, अशा ठिकाणीही नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

लेप : तेलमिश्रित रंग येथे टिकत नाहीत, कारण ओलसर काँक्रीटमधील अल्कली तेलाचा साबण करते. एपॉक्सी राळ अल्कलीस दाद देत नाही आणि काँक्रीटला घट्ट धरते. स्वित्झर्लंडमधील प्येर कास्तान व अमेरिकेतील सिल्व्हन ग्रीनली यांच्या संशोधनातून ती पुढे आली. सूर्यप्रकाशाने ती पिवळी पडते, पण हा दोष तळघरात फारसा जाणवत नाही. खालून ओलीचा जोर असेल तर मात्र लेपाखाली पाण्याचे फोड उठतात. ओल असलेल्या जागी, काँक्रीटमध्ये मुरून रंध्रांना जलविरोधी करणारी पण बाष्पाला वाट देणारी सायलेन व सिलॉक्सेन वर्गातील द्रव्ये अधिक हितावह ठरतात. सिलिकेट द्रव्यांविषयी मतभेद आहेत : ती काँक्रीटमधील मोकळ्या चुन्याशी संयोग पावून कठीण होतात, आणि जुन्या काँक्रीटच्या वरच्या थरातील चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडने आधीच बद्ध झालेला असतो.

आच्छादने : फेसाळ पॉलिस्टायरीनचे तक्ते व त्यांवर प्लायवुड बसविल्यास वरचा पृष्ठभाग उबदार राहतो आणि त्यावर दव धरत नाही. काँक्रीटवर थेट गालिचा अंथरू नये. त्याखाली बुरशी वाढते. जुनी तळघरे बुटकी असतात आणि राहत्या खोलीस ७ फूट उंची लागते असा तेथील नमुना-नियम असल्यामुळे दर इंचाचा विचार करावा लागतो.

रेडॉन : मातीतील युरेनियमच्या क्षयमालिकेत निर्माण होणारा, ३.८ दिवस अर्धायुकालाचा हा किरणोत्सर्गी वायू भूमीच्या भेगांतून व सांध्यांतून घरात ओढला जातो, कारण तापलेली हवा वर जाऊ लागली की तळघरात हवेचा दाब किंचित कमी होतो. डिसेंबर १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लिमरिक येथील, तेव्हा वीजनिर्मिती सुरू न झालेल्या अणुविद्युत् केंद्रात काम करणारे अभियंते स्टॅन्ली वॉट्रस यांच्या अंगावरील किरणोत्सर्गामुळे तपासणी-यंत्रे वारंवार इशारा देऊ लागली. शोध घेता उगम केंद्रात नसून त्यांच्या बॉयरटाउन येथील घरात निघाला. त्या घरातील हवेत लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्यूरी रेडॉन होता, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याने मागाहून ठरविलेल्या ४ पिकोक्यूरी (१४८ बेकरेल प्रतिघनमीटर) या कृतिमर्यादेच्या साडेसहाशे पटींहून अधिक. कॅनडाची मर्यादा घनमीटरमागे २०० बेकरेल आहे. भूमीला लेप दिला, भेगा बुजविल्या, म्हणून रेडॉनची चिंता मिटली असे मानू नये; केवळ बुजविण्यावर भिस्त ठेवण्याची शिफारस सदर खाते करीत नाही. भूमीला भोक पाडून, खालच्या खडीतील हवा नळाने व पंख्याने ओढून छपरावर सोडणे हा खरा उपाय होय, आणि भेगा बुजविल्याने त्या ओढीला जोर येतो. भूमी झाकण्यापूर्वी रेडॉनचे मापन करून घ्यावे, म्हणजे नळासाठी नवी फरशी फोडण्याचा प्रसंग येत नाही. (पहा : रेडॉन)

महाराष्ट्रात : गोठणरेषेचा प्रश्न नसल्याने येथे सामान्य घरांना तळघर नसते. मुंबईतील इमारतींच्या तळघरांत ओल बाहेरूनच अडविण्यासाठी तळाखाली व भिंतींबाहेर शहाबादी फरश्या सिमेंट-मसाल्यात बसवून पेटी करण्याची पद्धत आहे. बांधकामाच्या आधीच करावयाची असल्यामुळे ती जुन्या अमेरिकी घरांना लागू पडत नाही. न्यू जर्सी, शिकागो वा टोराँटोकडे जुने घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी खरेदीचा दस्तऐवज होण्यापूर्वीच ओल, ॲस्बेस्टॉस व रेडॉन यांची तपासणी करवून घ्यावी.

देखभाल : भूमीतील मोरीचे तोंड कोणत्याही आच्छादनाखाली झाकू नये आणि तिच्या वाकात अधूनमधून पाणी ओतावे, अन्यथा तेथील पाणी आटून गटारवायू घरात येतो.