कुळांची बेदखली : कराड परिसरातील कूळसंरक्षण

दुसऱ्याच्या मालकीची शेतजमीन खंडाने अथवा पिकाच्या वाट्याने कसणाऱ्या व्यक्तीस ‘कूळ’ आणि अशा कुळाचा जमिनीवरील ताबा काढून घेण्याच्या क्रियेस ‘बेदखली’ असे म्हणतात. बेदखलीच्या प्रक्रियेत मालकाचा जमीन परत घेण्याचा हक्क व कुळाचा कसण्याचा हक्क हे परस्परांसमोर उभे राहतात. या दोहोंची मर्यादा ठरविणे हा कूळकायद्याचा मुख्य विषय होय. सातारा जिल्ह्यातील कराड तालुका व त्यास लागून असलेला सांगली जिल्ह्याचा (१९४९–६० या काळातील दक्षिण सातारा जिल्ह्याचा) भाग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. कृष्णा व कोयना यांच्या काठची कसदार जमीन, इनामे व वतने यांची जुनी परंपरा आणि स्वातंत्र्यचळवळीतून जागृत झालेला शेतकरी या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आढळतात.

मराठा अमदानीत जमीन कसणाऱ्यांचे मिरासदार व उपरी असे दोन मुख्य वर्ग होते. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा असे. उपऱ्याची वहिवाट मात्र कराराच्या मुदतीपुरती किंवा देणाऱ्याच्या मर्जीपुरती टिके. कराड हे पंतप्रतिनिधींच्या घराण्याशी संबंधित ठाणे होते. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यानंतर या प्रदेशात रयतवारी पद्धत दृढ झाली. या पद्धतीत सरकार व खातेदार यांचा संबंध प्रत्यक्ष असला, तरी खातेदाराने जमीन दुसऱ्यास लावून देण्यास प्रतिबंध नव्हता. त्यामुळे सावकार, वतनदार व गावाबाहेर राहणारे खातेदार यांच्या जमिनींवर कुळांचा एक मोठा वर्ग निर्माण झाला. १८७५ मधील दख्खनच्या दंग्यांनंतर करण्यात आलेला १८७९ चा दक्षिणी शेतकरी साहाय्य अधिनियम सातारा जिल्ह्यास लागू होता. तथापि त्याचा रोख कर्ज व गहाण यांवर होता, कुळाच्या ताब्यावर नव्हे. त्याच वर्षीच्या मुंबई जमीन महसूल संहितेनुसार वार्षिक वहिवाट संपविण्यास वर्षअखेरीपूर्वी तीन महिन्यांची लेखी नोटीस पुरेशी होती व तीत कारण देण्याची गरज नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या कुळाजवळही बहुधा लेखी पुरावा नसे, त्यामुळे अशा नोटिशीपुढे त्याचा निभाव लागत नसे.

या स्थितीत पहिला बदल १९३९ च्या मुंबई कूळवहिवाट अधिनियमाने झाला. १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्यास ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा मिळाली आणि ठरावीक कारणांवाचून त्यास काढता येणार नाही, असे तत्त्व प्रस्थापित झाले. हा अधिनियम आरंभी काही निवडक भागांपुरता होता. पुढे मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ (१९४८ चा ६७ वा) संमत झाला. दरम्यानच्या काळात, १९४२ नंतर, सातारा जिल्ह्यात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने गावोगावी न्यायदान मंडळे स्थापिली होती. त्यांच्यापुढे जमिनीचे व सावकारीचेही तंटे येत. जमिनीचा प्रश्न कचेरीबाहेरही सोडविता येतो, ही जाणीव त्यामुळे या भागात रुजली.

१९४८ च्या आरंभी महात्मा गांधींच्या हत्येनंतर सातारा जिल्ह्यात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली व अनेक कुटुंबे शहरांकडे गेली. त्यांच्या जमिनी गावातील कुळांकडे राहिल्या. मालकाची अनुपस्थिती व कुळाचा प्रत्यक्ष ताबा या दोन गोष्टींनी पुढील काळातील अनेक वादांची पार्श्वभूमी तयार केली. १ मे १९५१ पासून परगणा व कुलकर्णी वतने नष्ट झाल्याने या प्रक्रियेस अधिक वेग आला.

अधिनियमाची रचना : १९४८ च्या अधिनियमाने दुसऱ्याची जमीन कायदेशीर रीत्या कसणारी व्यक्ती कूळ मानली; मात्र मालकाच्या कुटुंबातील व्यक्ती, मजुरीवरील गडी व ताबेगहाणदार यांना त्यातून वगळले. परिणामी ‘हा माणूस कूळ की गडी?’ हा प्रश्न बहुतेक प्रकरणांच्या मुळाशी राहिला. त्याचा निर्णय करण्याचा अधिकार कलम ७० अन्वये मामलेदाराकडे असून दिवाणी न्यायालयांस तो प्रश्न वर्ज्य आहे. दिवाणी दाव्यात तो उद्‌भवल्यास न्यायालयाने दावा स्थगित ठेवून तेवढा मुद्दा मामलेदाराकडे पाठवावा, अशी तरतूद आहे.

कुळाची वहिवाट मालकास पुढील कारणांस्तव संपविता येते : खंड न भरणे, जमिनीस कायमची हानी पोहोचविणे, पोटकूळ ठेवणे अथवा जमिनीची विभागणी करणे, स्वतः न कसणे आणि शेतीखेरीज अन्य कामासाठी जमीन वापरणे. यांपैकी कोणतेही कारण असले तरी मालकाने कारण नमूद करून तीन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्या अवधीत कुळाने चूक दुरुस्त केल्यास वहिवाट चालू राहते. खंडाच्या थकबाकीसंबंधी आणखी एक सवलत आहे. मालकाने ताब्यासाठी अर्ज केल्यावर मामलेदार कुळास थकबाकी व खर्च पंधरा दिवसांत भरण्याची संधी देतो आणि भरणा झाल्यास वहिवाट संपत नाही. मात्र तीन वर्षे खंड थकला असून मालकाने प्रत्येक वेळी मुदतीत तशी सूचना दिली असेल, तर ही सवलत मिळत नाही. कुळाला संरक्षण देताना मालकाचा खंडाचा हक्क निरर्थक होऊ नये, हा त्यामागील हेतू होय.

कलम २९ हे या व्यवस्थेचा कणा होय. मामलेदाराच्या आदेशावाचून कोणत्याही मालकास कुळाकडून जमिनीचा ताबा घेता येत नाही. बळाने काढलेल्या कुळासही त्याच कलमान्वये दोन वर्षांच्या आत ताबा परत मागता येतो. मामलेदाराच्या निर्णयावर जिल्हाधिकाऱ्याकडे अपील व त्यानंतर महसूल न्यायाधिकरणाकडे पुनरीक्षण, असा पुढील मार्ग आहे.

स्वेच्छेने सोडलेल्या जमिनी : आदेशाने होणाऱ्या बेदखलीस असा बांध घातला गेल्यावर बिनआदेशाच्या बेदखलीचा मार्ग पुढे आला. तो म्हणजे कुळाने जमीन ‘राजीखुशीने’ सोडून दिल्याचा कागद. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे वि. म. दांडेकर व खुदानपूर यांनी १९४८ च्या अधिनियमाच्या अंमलबजावणीची पाहणी केली. तिचा अहवाल १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. कायदा अस्तित्वात असूनही जमिनी मोठ्या प्रमाणावर मालकांकडे परत गेल्या, असे तीत दिसून आले. कर्ज, भाऊबंदकी, गावातील दबाव व कायद्याचे अज्ञान यांमुळे दिलेली संमती ही खरी संमती मानावी काय, असा प्रश्न यातून निर्माण झाला. त्यामुळे राजीनामा लेखी असावा व मामलेदाराने कुळास समक्ष विचारून त्याची खातरजमा करावी, या अटीस महत्त्व आले. अशी खातरजमा न झालेला राजीनामा निष्फळ होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानेही १९७५ मध्ये दिला.

कृषक दिन : १९५६ च्या तेराव्या अधिनियमाने मूळ कायद्यात आमूलाग्र दुरुस्ती केली. भाऊसाहेब हिरे हे या सुधारणेचे प्रमुख पुरस्कर्ते होते. तिची अंमलबजावणी कराडचे प्रतिनिधी यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना झाली. जमीन स्वतः कसू इच्छिणाऱ्या मालकास ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत नोटीस व ३१ मार्च १९५७ पर्यंत ताब्यासाठी अर्ज करण्याची अखेरची संधी देण्यात आली. त्यातही कुळाकडे निम्मी जमीन राहिली पाहिजे, असे बंधन होते. शिवाय परत घेतलेली जमीन मालकाने वर्षाच्या आत कसावयास न घेतल्यास किंवा बारा वर्षांच्या आत कसणे सोडल्यास ती कुळास परत मिळण्याची तरतूद होती. १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिनी’ उर्वरित पात्र कुळे जमिनीची मालक झाल्याचे मानण्यात आले. किंमत शेतजमीन न्यायाधिकरणाने कलम ३२ ग अन्वये ठरवावयाची होती. ती सर्वसाधारणपणे आकाराच्या वीस ते दोनशे पट असून तीत विहिरी, झाडे इत्यादींचे मूल्य मिळविले जाई. किंमत भरल्यावर कलम ३२ म चे प्रमाणपत्र मिळे. या दुरुस्तीची वैधता सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये मान्य केली.

तथापि कायद्याने मिळालेली मालकी कागदावर उतरविण्यासाठी कुळास कचेरीत हजर राहावे लागे. हजर न राहिल्यास किंवा खरेदीस नकार दिल्यास खरेदी निष्फळ ठरे. अशा कुळांना पुढे पुन्हा अर्ज करण्याची संधी देणारी तरतूद करावी लागली. १५ जून १९५५ रोजी ताब्यात असलेल्या, परंतु कृषक दिनापूर्वी बेकायदा काढलेल्या कुळांना १९६९ च्या दुरुस्तीने दिलासा मिळाला. जमीन ३१ जुलै १९६९ रोजी मूळ मालकाकडे किंवा त्याच्या वारसाकडे असेल व तिचा बिनशेती वापर झाला नसेल, तर ती परत देण्याची ही तरतूद होती.

मालकांचीही सर्व स्थिती सारखी नव्हती. विधवा, अज्ञान व अपंग मालकांच्या जमिनींबाबत कुळाची खरेदी पुढे ढकलण्यात आली. सैन्यातील जवानांसाठीही स्वतंत्र तरतुदी झाल्या. ज्या भागातून पिढ्यान्‌पिढ्या सैन्यभरती होत आली, तेथे त्यांचे महत्त्व विशेष होते. दीड हजार रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या लहान मालकास प्रमाणपत्र मिळवून जमीन परत मागता येई. दोन एकरांवर जगणारी विधवा मालकीण व तीच जमीन कसून पोट भरणारे कूळ यांच्या वादात जमीनदार व शोषित अशी सरळ विभागणी करता येत नाही. येथे प्रक्रियेतील मुदतीच निर्णायक ठरत. विधवेच्या जमिनीवरील कुळाने खरेदीची लेखी सूचना मुदतीत न दिल्यास त्याचा हक्क धोक्यात येई आणि अनेकांना ही अट ठाऊकच नसे.

कराड परिसरात आणखी एक अपवाद महत्त्वाचा ठरला. कलम ४३ अ अन्वये ऊस लागवडीसाठी दिलेल्या पट्ट्यांस खरेदीसंबंधीच्या तरतुदी लागू होत नाहीत. कृष्णाकाठी सहकारी साखर कारखानदारी वाढल्यावर जमीन मुळात उसासाठी दिली होती की कुळाने नंतर तीत ऊस लावला, हा मुद्दा निर्णायक झाला.

उत्तरकाळ : २०१२ मध्ये अधिनियमाच्या नावातील ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ हा शब्द आला. कुळाने खरेदी केलेली जमीन विकण्यावरील निर्बंध २०१४ च्या दुरुस्तीने शिथिल झाले. खरेदीस दहा वर्षे झाली असल्यास आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून ती पूर्वपरवानगीवाचून विकता येते. या इतिहासाचा एक परिणाम मात्र प्रतिकूल आहे. जमीन कायमची जाईल या भीतीने मालक आपले शेत लेखी कराराने लावून देण्यास धजत नाहीत. वाट्याने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर येत नाही; परिणामी ताबा सुटण्याच्या वेळी त्याच्या हाती पुरावा नसतो. नोटीस, खातरजमा व आदेश या तीन पायऱ्यांनी कायद्याने जे संरक्षण उभे केले, ते नोंदीवाचून कसणाऱ्या या नव्या वर्गापर्यंत सहसा पोहोचत नाही.