शरणपूरचे आफ्रिकी ख्रिस्तभक्त

नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून ज्यांची नित्य ये-जा असते, त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल की, ज्या वसाहतीवरून या रस्त्यास हे नाव मिळाले ती चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी १८५० नंतरच्या दशकात वसविली, आणि मराठी ख्रिस्ती कुटुंबांबरोबर तेथे पूर्व आफ्रिकेतील, गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवून मिशनच्या हवाली केलेली मुलेही वाढली. तेथे त्यांना अक्षरविद्या मिळाली, सुतारकाम-लोहारकाम मिळाले. आणि ईश्वरोपासना ही रविवारपुरती राखून ठेवण्याची नसून हातातील कामाबरोबर चालावयाची आहे, हा संस्कारही मिळाला, असे त्यांचे पुढील चरित्र पाहता मला निःसंशय वाटते.

१८७२ मध्ये आफ्रिकेत भ्रमण करणारे मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या साहाय्यार्थ रवाना झालेल्या काफिल्यात जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आदी नाशिकचे तरुण होते. १ मे १८७३ रोजी चितांबोच्या गावी डॉक्टर निवर्तले, तेव्हा हुकूम देणारा कोणी उरला नव्हता. त्यांचे जुने सेवक सुसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखाली सर्वांनी डॉक्टरांचे हृदय एका वृक्षाखाली दफन केले. जेकबने दफनविधीची प्रार्थना वाचली आणि त्याच वृक्षाच्या बुंध्यावर मृताचे नाव व तारीख कोरली. मग मीठ लावून उन्हात वाळविलेला देह साल आणि कापडात गुंडाळून त्यांनी समुद्राची वाट धरली. प्रेत नेणाऱ्यांना वाटेतल्या गावांचा विरोध होता. वाटेतील उन्यान्येंबे येथे भेटलेल्या इंग्रज मोहिमेचे लेफ्टनंट कॅमेरॉन यांनी तेथेच दफन करण्याचा सल्ला दिला. पण या मंडळींनी तो मानला नाही, आणि फेब्रुवारी १८७४ मध्ये देह बागामोयोला पोहोचविला. इंग्रजी ग्रंथांत या कृतीला स्वामिनिष्ठा म्हटले जाते. मला मात्र तीत देवासमोर हाती घेतलेले काम तडीस नेण्याची अनन्यता अधिक दिसते.

१८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीजवळ जेकब उभा होता. इतर सोबत्यांना ते भाग्य लाभले नाही. पुढे प्राइस यांनीच मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रिअर टाउन वसविले. शरणपूरहून त्याआधीच, १८६४ मध्ये, मोंबासाकडे गेलेल्या विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी धर्मसेवेची दीक्षा दिली. आणि त्याच वर्षी काफिल्यासह प्रवासात असताना बिशपांची हत्या झाल्यावर उरलेला काफिला किनाऱ्याकडे परत आणण्याची जबाबदारी जोन्स यांच्यावर येऊन पडली, जी त्यांनी पार पाडली.