ॲलन पेज

ॲलन सेड्रिक पेज (जन्म: ७ ऑगस्ट १९४५, कँटन, ओहायो, अमेरिका) हे अमेरिकेतील निवृत्त न्यायमूर्ती व माजी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळाडू आहेत. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) ते १९६७ ते १९८१ या काळात मिनेसोटा व्हायकिंग्ज व शिकागो बेअर्स या संघांकडून बचावफळीत खेळले. १९७१ साली असोसिएटेड प्रेसतर्फे दिला जाणारा सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा पुरस्कार मिळविणारे ते बचावफळीतील पहिले खेळाडू ठरले. खेळत असतानाच त्यांनी कायद्याची पदवी घेतली. १९९३ ते २०१५ या काळात ते मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. या न्यायालयातील ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन न्यायमूर्ती होत.

बालपण व शिक्षण

पेज यांचा जन्म ओहायो राज्यातील कँटन या औद्योगिक शहरात झाला. एनएफएलची पूर्वसूरी असलेली संघटना १९२० साली याच शहरात स्थापन झाली होती. शहरातील अनेकांची उपजीविका पोलाद कारखान्यांवर चाले. असे काम आयुष्यभर करावे लागू नये ही इच्छा आणि अन्यायाविरुद्ध कायदा हे प्रभावी साधन ठरू शकते ही जाणीव, या दोन्ही गोष्टी आपल्या मनात लहानपणीच रुजल्या, असे पेज यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. ते नऊ वर्षांचे होण्यापूर्वीच, मे १९५४ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या खटल्यात सार्वजनिक शाळांमधील वांशिक विभाजन घटनाबाह्य ठरविले होते.

त्यांचे शालेय शिक्षण कँटनमधील सेंट्रल कॅथोलिक हायस्कूलमध्ये झाले. व्यावसायिक फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम' या स्मारक-संग्रहालयाची इमारत त्या काळात कँटनमध्ये उभी राहत होती. तिच्या बांधकामावर पेज यांनी तरुणपणी मजूर म्हणून काम केले. त्याच वास्तूत २५ वर्षांनी त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला.

१९६३ साली त्यांनी इंडियाना राज्यातील नोत्र दाम विद्यापीठात प्रवेश घेतला. प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांच्या मार्गदर्शनाखालील नोत्र दामचा संघ १९६६ च्या हंगामात अपराजित राहिला. त्या संघाने नऊ सामने जिंकले. मिशिगन स्टेट विद्यापीठाविरुद्धचा सामना १०-१० असा बरोबरीत सुटला. नोत्र दामला त्या वर्षीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळाले आणि पेज यांची अखिल अमेरिकन संघात निवड झाली. १९६७ साली त्यांनी राज्यशास्त्रात पदवी संपादन केली.

खेळातील कारकीर्द

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण व बचाव यांसाठी प्रत्येक संघाचे स्वतंत्र खेळाडू असतात. पेज हे 'डिफेन्सिव्ह टॅकल' या स्थानावर, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी खेळत. प्रतिस्पर्ध्यांची भिंत फोडून चेंडू घेऊन धावणाऱ्यास रोखणे, तसेच चेंडू फेकण्यापूर्वीच क्वार्टरबॅकला गाठून पाडणे, ही या खेळाडूची प्रमुख कामे होत. यांपैकी दुसऱ्या कृतीस 'सॅक' म्हणतात. या स्थानावर सहसा अवजड शरीरयष्टीच्या खेळाडूंची निवड होते. पेज मात्र तुलनेने सडपातळ होते. चेंडू खेळात येताच क्षणार्धात पुढे झेपावण्याच्या त्यांच्या चपळाईमुळे समोरच्या खेळाडूला सावरण्यास वेळच मिळत नसे.

१९६७ च्या निवड प्रक्रियेत मिनेसोटा व्हायकिंग्जने पहिल्या फेरीत पंधराव्या क्रमांकावर त्यांची निवड केली. तेथे कार्ल एलर, जिम मार्शल व गॅरी लार्सन यांच्यासह त्यांची जी बचावफळी तयार झाली, ती 'पर्पल पीपल ईटर्स' या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. संघाच्या जांभळ्या गणवेशावरून व त्या काळातील एका लोकप्रिय गाण्यावरून हे नाव पडले होते. १९६९ च्या हंगामात व्हायकिंग्जने एनएफएलचे अजिंक्यपद पटकावले.

१९७१ हे वर्ष पेज यांच्या कारकिर्दीचा कळस मानले जाते. सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा पुरस्कार एरवी क्वार्टरबॅक किंवा चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूकडे जातो. त्या वर्षी तो पेज यांना मिळाला. सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कारही त्यांनाच मिळाला. त्यानंतर बचावफळीतील केवळ एकाच खेळाडूला, १९८६ साली न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलर यांना, हा मान मिळाला आहे.

१९६८ ते १९७६ या काळात त्यांची सलग नऊ वेळा 'प्रो बोल' या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड झाली. मात्र सर्वोच्च विजेतेपदाने व्हायकिंग्जला नेहमीच हुलकावणी दिली. पेज यांच्या काळात हा संघ चार वेळा सुपर बोलपर्यंत पोहोचला आणि चारही वेळा पराभूत झाला.

- सुपर बोल ४ (जानेवारी १९७०): कॅन्सस सिटी चीफ्सकडून २३-७
- सुपर बोल ८ (जानेवारी १९७४): मायामी डॉल्फिन्सकडून २४-७
- सुपर बोल ९ (जानेवारी १९७५): पिट्सबर्ग स्टीलर्सकडून १६-६
- सुपर बोल ११ (जानेवारी १९७७): ओकलंड रेडर्सकडून ३२-१४

खेळाडू संघटनेतील कार्य

१९७० च्या दशकात पेज खेळाडूंच्या संघटनेत सक्रिय होते. त्यांनी संघातील खेळाडूंचे प्रतिनिधी म्हणून काम केले, तसेच संघटनेच्या कार्यकारिणीचे ते सदस्य होते. करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघाकडे गेल्यास नव्या संघाने जुन्या संघास भरपाई द्यावी आणि तडजोड न झाल्यास ती भरपाई लीगच्या आयुक्तांनी ठरवावी, असा नियम त्या वेळी होता. तत्कालीन आयुक्त पीट रोझेल यांच्या नावाने तो ओळखला जाई. या नियमामुळे खेळाडूंना संघ बदलणे जवळजवळ अशक्य होत असे. १९७४ साली खेळाडूंनी संप केला. १९७६ साली 'मॅकी विरुद्ध एनएफएल' या खटल्यात संघीय अपील न्यायालयाने हा नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारा ठरविला. वाटाघाटी व खटले यांच्याशी आलेल्या या निकटच्या संबंधामुळे पेज यांची कायद्याविषयीची जुनी ओढ पुन्हा जागृत झाली.

कायद्याचे शिक्षण व व्हायकिंग्जचा निरोप

व्यावसायिक कारकिर्दीच्या प्रारंभीच पेज यांनी विधी महाविद्यालयात प्रवेश घेतला होता, परंतु तो प्रयत्न अल्पावधीतच सोडून दिला. पुढे त्यांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या विधी विद्यालयात प्रवेश घेतला आणि खेळ सांभाळून १९७८ साली पदवी पूर्ण केली.

याच सुमारास ते लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळले. धूम्रपान सोडण्यासाठी त्यांच्या पत्नी डायन यांनी धावण्यास सुरुवात केली होती. त्यांच्यासोबत पेजही धावू लागले. नियमित धावण्यामुळे त्यांचे वजन बरेच घटले. त्या वजनावर पेज यांना पूर्वीसारखा प्रभाव पाडता येत नाही, असे प्रशिक्षक बड ग्रँट यांचे मत झाले आणि १९७८ च्या हंगामाच्या मध्यावर संघाने त्यांना मुक्त केले. शिकागो बेअर्सने त्यांना तत्काळ आपल्याकडे घेतले. तेथे ते १९८१ च्या हंगामाअखेरपर्यंत, तेही एकही सामना न चुकविता, खेळले. १९७९ साली त्यांनी मॅरेथॉन पूर्ण केली. एनएफएलमध्ये खेळत असताना मॅरेथॉन पूर्ण करणारे ते पहिले खेळाडू मानले जातात.

आपल्या कारकिर्दीत ते सलग २१८ सामने खेळले. सॅकची अधिकृत नोंद १९८२ पासून, म्हणजे त्यांच्या निवृत्तीनंतर सुरू झाली. त्यामुळे त्यांच्या नावावर धरले जाणारे १४८.५ सॅक अनधिकृत मोजणीवर आधारलेले आहेत.

वकिली व न्यायालयीन कारकीर्द

१९७९ पासून पेज यांनी मिनीॲपोलिसमधील एका विधी संस्थेत काम केले. १९८५ पासून ते राज्याच्या महाधिवक्ता कार्यालयात सरकारी वकील होते.

मिनेसोटात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सहा वर्षांसाठी मतदारांकडून निवडले जातात. प्रत्यक्षात मात्र अनेक न्यायमूर्ती मुदत संपण्यापूर्वी निवृत्त होतात, रिकाम्या जागेवर गव्हर्नर नेमणूक करतात आणि नियुक्त व्यक्ती विद्यमान न्यायमूर्ती म्हणूनच निवडणुकीस सामोरी जाते. त्यामुळे खुल्या जागेसाठी निवडणूक क्वचितच होते. १९९२ साली एका न्यायमूर्तींची मुदत संपत असताना गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी त्यांचा कार्यकाळ वाढविला. परिणामी त्या जागेची निवडणूक रद्द होणार होती. पेज यांनी या निर्णयास न्यायालयात आव्हान दिले. प्रश्न सर्वोच्च न्यायालयातील जागेचाच असल्याने नियमित न्यायमूर्तींऐवजी विशेष नेमलेल्या न्यायाधीशांनी सुनावणी केली. निकाल पेज यांच्या बाजूने लागला, निवडणूक झाली आणि ते विजयी झाले. जानेवारी १९९३ मध्ये त्यांनी पदभार स्वीकारला. पुढे १९९८, २००४ व २०१० साली ते पुन्हा निवडून आले.

त्यांच्या कार्यकाळातील दोन प्रकरणे विशेष उल्लेखनीय आहेत. २००८ च्या अमेरिकी सिनेटच्या निवडणुकीत नॉर्म कोलमन व अल फ्रँकन यांच्यातील मतांचे अंतर अत्यल्प होते व प्रकरण न्यायालयात गेले. मतमोजणीच्या राज्यस्तरीय मंडळावर काम केलेले सरन्यायाधीश व आणखी एक न्यायमूर्ती यांनी सुनावणीतून अंग काढून घेतले. तेव्हा तीन न्यायाधीशांचे विशेष न्यायपीठ नेमण्याची जबाबदारी पेज यांच्यावर आली व अपिलाच्या सुनावणीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. ३० जून २००९ रोजी न्यायालयाने एकमताने फ्रँकन यांच्या बाजूने निकाल दिला.

दुसरे प्रकरण २०१२ सालचे आहे. मतदानासाठी छायाचित्र असलेले ओळखपत्र सक्तीचे करणारी घटनादुरुस्ती मतदारांपुढे मांडली जाणार होती. मतपत्रिकेवरील प्रश्नाची शब्दरचना दिशाभूल करणारी असल्याचा आक्षेप बहुमताने फेटाळण्यात आला. पेज व न्यायमूर्ती पॉल अँडरसन यांनी भिन्नमत नोंदविले. मतदारांपुढील प्रश्नातून दुरुस्तीचे खरे स्वरूप कळत नाही, अशी पेज यांची भूमिका होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदारांनी ही दुरुस्ती नाकारली.

मिनेसोटात न्यायाधीशांसाठी ७० वर्षे ही वयोमर्यादा आहे. त्यानुसार ऑगस्ट २०१५ मध्ये ते निवृत्त झाले.

शिक्षणविषयक कार्य

१९८८ साली पेज यांचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. अशा समारंभात खेळाडूचा परिचय करून देण्यासाठी बहुधा जुने प्रशिक्षक किंवा सहकारी बोलावले जातात. पेज यांनी मिनीॲपोलिसमधील एका शाळेच्या मुख्याध्यापिकेची निवड केली आणि आपले भाषण प्रामुख्याने शिक्षणाच्या महत्त्वावर केंद्रित ठेवले.

त्याच वर्षी पेज दांपत्याने 'पेज एज्युकेशन फाउंडेशन' ही संस्था स्थापन केली. कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्याक समाजांतील विद्यार्थ्यांना ही संस्था उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते. शिष्यवृत्तीधारकाने शालेय मुलांना अभ्यासात मदत करण्यासाठी वेळ दिला पाहिजे, ही तिची प्रमुख अट आहे.

जानेवारी २०२० मध्ये पेज व मिनीॲपोलिस येथील फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष, भारतीय वंशाचे नील काश्करी यांनी राज्याच्या घटनेत दुरुस्ती सुचविली. मिनेसोटाची घटना सार्वजनिक शाळांची सर्वसाधारण व एकसमान व्यवस्था उभारण्याचे कर्तव्य विधिमंडळावर सोपविते. त्याऐवजी दर्जेदार सार्वजनिक शिक्षण हा प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क मानावा, असा हा प्रस्ताव होता. श्वेतवर्णीय व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कामगिरीतील मोठी दरी कमी करणे हा त्यामागील हेतू होता. राज्यातील शिक्षक संघटनेने प्रस्तावास विरोध केला. त्यानंतर विधिमंडळातही त्याला मंजुरी मिळू शकली नाही.

वैयक्तिक जीवन

डायन सिम्स पेज यांचे सप्टेंबर २०१८ मध्ये निधन झाले. या दांपत्याने दासप्रथा व वांशिक विभाजनाच्या काळातील वस्तूंचा मोठा संग्रह केला होता. अब्राहम लिंकन यांच्या अंत्ययात्रेच्या काळातील शोकफलकही त्यात आहे. २०१८ साली मिनीॲपोलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयात या संग्रहाचे प्रदर्शन भरले होते.

खेळताना झालेल्या दुखापतीमुळे पेज यांची एक करंगळी कायमची वाकडी झाली आहे. शाळाभेटींत मुले या करंगळीविषयी हमखास विचारीत. पुढे तिच्यावरच त्यांनी कन्या कॅमी पेज यांच्यासह बालकांसाठी पुस्तक लिहिले. ते २०१३ साली प्रकाशित झाले. मिनीॲपोलिस-सेंट पॉल मॅरेथॉनच्या मार्गावर उभे राहून सूझाफोन हे भलेमोठे वाद्य वाजवीत धावपटूंना प्रोत्साहन देणारे पेज हे स्थानिकांच्या परिचयाचे दृश्य आहे.

सन्मान

- १९८८: व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश, व्हायकिंग्जकडून त्यांचा ८८ हा क्रमांक निवृत्त
- १९९३: महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश
- २०१७: मिनीॲपोलिसमधील अलेक्झांडर रॅम्सी माध्यमिक शाळेस 'जस्टिस पेज मिडल स्कूल' असे नाव. रॅम्सी हे राज्याचे गव्हर्नर असताना १८६२ साली त्यांनी डकोटा लोकांच्या संहाराची वा हकालपट्टीची भाषा केली होती. त्यामुळे शाळेचे नाव बदलावे, अशी मोहीम विद्यार्थ्यांनी चालविली होती.
- २०१८: 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम', अमेरिकेतील सर्वोच्च नागरी सन्मानांपैकी एक