कोयत्याचा केसपेपर

बीडहून कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळच्या फडात आलेली ऊसतोडीतली बाई तापाने फणफणली, तर तिच्यावर उपचार करण्याची जबाबदारी कायद्याने कोणाची? कारखाना तिला आपली कामगार मानत नाही. टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि ती त्यातला अर्धा. या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलले आहे.

बाहेरून येणारा माणूस आरोग्याच्या कायद्यात प्रथम दिसतो तो संशयित म्हणून. प्लेगच्या दिवसांतल्या 1897 च्या साथरोग कायद्याने ब्रिटिश मुलखात रेल्वेचे प्रवासी तपासण्याचे आणि वेगळे ठेवण्याचे अधिकार सरकारला दिले. उपचार मिळण्याचा हक्क त्यात नव्हता.

याच्या उलट दिशेचा धागा कोल्हापूर संस्थानात सापडतो. जानेवारी 1919 मध्ये शाहू महाराजांनी हुकूम काढला, की दवाखान्यात येणाऱ्या अस्पृश्य रुग्णांना समानतेने आणि ममतेने वागवावे. प्रश्न जातीचा होता, स्थलांतराचा नव्हे. पण दवाखाना सार्वजनिक असेल तर दारातला रुग्ण कोण, हे पाहून उपचार ठरणार नाहीत, हे तत्त्व त्यातून सरकारी कागदावर आले.

स्वातंत्र्यानंतर हक्क आला, पण मालकाच्या मार्फत. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने पगारातून वर्गणी कापून दवाखाना दिला. आज शिरोलीच्या फाउंड्रीत नोंदणी झालेल्या बिहारी कामगाराला, पगार मर्यादेत असेल तर, तो मिळतो. हंगामी कारखाने मात्र कायद्यातून वगळले, आणि त्या यादीत साखर आणि गूळही होते. ऊस तोडणारे तर कारखान्याच्या हजेरीपटावरही नव्हते. 1972 च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून टोळ्यांचा ओघ वाढला, तो या पोकळीत.

1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर मोफत वैद्यकीय सोयीची सक्ती केली. मुख्य अट ही, की कामगाराने राज्याची हद्द ओलांडलेली हवी. त्यामुळे बीडची टोळी कागलच्या फडात असली तर कायदा लागू होत नसे. तीच टोळी पुढे निपाणीकडे, कर्नाटकात गेली तर लागू होई. बीड-कोल्हापूर अंतर तीनशे किलोमीटरहून जास्त आणि कागल-निपाणी तासाभराच्या आतले, पण कायद्याने मोजली ती हद्द. नव्या कामगार संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाल्या. ‘आंतरराज्य’ ही चौकट आणि विम्यातली हंगामी कारखान्यांची सूट, दोन्ही त्यांत कायम आहेत.

1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक आणि हद्द दोन्ही बाजूला ठेवली. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे अनुच्छेद 21 चा भंग आहे, असे न्यायालयाने ठरवले. हा हक्क कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात येणाऱ्या प्रत्येकाला आहे. पण तो तातडीपुरता. गर्भाशयाचे दुखणे, पंडुरोग, बाळंतपणाआधीची तपासणी त्यात ओढूनताणून बसवावी लागते.

राहिलेली जागा कार्डांनी भरली. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना आता राज्यातल्या सर्वांसाठी आहे, पण रेशनकार्ड किंवा अधिवासाचा दाखला लागतो. बीडचे कार्ड कोल्हापुरात चालते. बऱ्याचदा ते गावी पेटीत असते. ऑगस्ट 2023 पासूनची मोफत उपचारांची घोषणा आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरती होती, तर सीपीआर वैद्यकीय शिक्षण विभागाखाली.

या पोकळीची किंमत 2019 मध्ये आकड्यांत दिसली. बीडमध्ये तपासलेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती. यांतल्या बऱ्याच शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांतल्या; हंगाम बुडू नये, खाडा पडू नये, हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. हंगामापूर्वी आणि नंतर तपासणीची शिफारस तेव्हा झाली. पुढे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घेण्याचे ठरले. तोडणाऱ्याचे आरोग्य हा साखरेच्या खर्चाचा भाग आहे, हे त्यात मान्य होते. पण महामंडळ देते ती कल्याणाची मदत; मिळाली नाही तर दाद मागता येईल असा हक्क अजून नाही. तो द्यायचा तर ज्याचा ऊस तुटतो, त्या कारखान्याला तोडणाऱ्याचा मालक म्हणावे लागेल. साखरेच्या जिल्ह्यात हे वाक्य कायद्यात लिहिणे सर्वांत अवघड आहे.