रॉकेल, खडू आणि एक तडा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधले दोन वीकएंड एका सायकलीने खाल्ले. गोष्ट अर्धी माझी आणि अर्धी इतिहासाची आहे. इतिहास आगगाड्यांचा आहे, पण तो फिरून सायकलीकडेच येतो, तेव्हा जरा धीर धरा. :)

भाचा आठवीत गेला. ट्यूशनला जायला सायकल हवी. ताई म्हणाली नवी घेऊ, पण मला जुन्या, काळ्या, दणकट सायकलींचं वेड. "मी बनवून देतो," असं मोठ्या तोऱ्यात सांगून बसलो. अमरावतीत एकाकडे जुनी फ्रेम आणि पुढचा चिमटा मिळून अकराशे रुपयांत मिळाले. ताजा काळा रंग, सोनेरी रेघा, एकदम चकाचक. बाकीचे पार्ट अकोल्यात जमवले आणि दोन दिवस अंगणात पाने-पक्कड घेऊन बसलो. (एरवी दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याला हाताला ग्रीस लागण्याचं काय सुख असतं, ते दुसऱ्या आयटीवाल्यालाच कळेल.)

भाच्याला देण्याआधी म्हटलं आपण चालवून बघू. हायवेने बोरगाव मंजूपर्यंत जाऊन आलो. हा तोच अमरावती-अकोला रस्ता, ज्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबर अंथरून गिनीज विक्रम केला होता. येताना पॅडलवर जोर दिला की खालून "कट्" असा आवाज यायचा. बारीकसा. घरी येऊन क्रँक आवळला, सीटपोस्ट काढून ग्रीस लावलं, हेडचे छर्रे बदलले. आवाज तसाच.

शेवटी मिस्त्रीकाकांकडे गेलो. वय सत्तरच्या पुढे. त्यांनी सायकल उलटी केली आणि हँडलच्या खालून क्रँककडे उतरणाऱ्या नळीवर, हेडच्या अगदी जवळ, नुसता अंगठा फिरवला. मग नखाने रंग टोकरला. रंगाखाली काळं पोलाद दिसायच्या ऐवजी करडी लांबी निघाली. तीच लांबी, जी डेंटिंगवाले गाडीच्या पोचा बुजवायला भरतात.

"काहून घेतली बाप्पा हे?" काका म्हणाले. "हे त ठोकलेली हाये."

पॉलिश पेपरने त्यांनी चार बोटं जागा घासून चकचकीत केली. मला तिथे काहीच दिसेना. नळी जराशी फुगलेली वाटत होती, बस. मी म्हटलं, "काका, पोचा होता, सरळ केला असेल. चालेल की."

"थांब. हिले बोलती करतो."

पूर्वी ते रॉकेल वापरायचे, आता रॉकेल मिळतं कुठे, म्हणून बाटलीतलं डिझेल बोळ्याने त्या जागेवर लावलं आणि चहा सांगितला. चहा झाल्यावर फडक्याने जागा कोरडी पुसली. शाळेतल्या खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून पातळ थर दिला. तो वाळून पांढराफटक झाला. मग छोट्या हातोडीने नळीवर टक्, टक्, टक्. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या पांढऱ्यावर एक ओली, काळपट रेघ उमटली. केसाएवढी बारीक, पण नळीच्या जवळजवळ अर्ध्या घेराला वेढा घालून गेलेली.

खरं सांगतो, पोटात गोळा आला. ती नळी तुटली की पुढचं चाक मागे दुमडतं आणि चालवणारा हँडलवरून तोंडावर पडतो. मी ही सायकल तेरा वर्षांच्या पोराला देणार होतो.

मी मेकॅनिकलवाला. (हो, मग आयटीत काय करतो, हे विचारू नका. :) ) ही युक्ती कुठेतरी वाचल्यासारखी वाटत होती. रात्री शोधत बसलो आणि थेट १८४२ सालात जाऊन पोचलो.

८ मे १८४२. व्हर्सायला राजाच्या सन्मानार्थ उत्सव होता, तो पाहून लोक रेल्वेने पॅरिसला परतत होते. वाटेत म्यूदोंजवळ पुढच्या इंजिनाचा आस तुटला, इंजिन कोसळलं, मागचे डबे त्यावर चढले आणि पेटले. डब्यांची दारं बाहेरून कुलूपबंद असायची. पन्नासहून जास्त माणसं गेली. अंटार्क्टिकापर्यंत जाऊन सुखरूप परतलेला द्युमों द'उर्व्हील हा दर्यावर्दी त्यात बायको-मुलासकट संपला.

आस धडधाकट दिसत होता. त्यावर नेहमीपेक्षा जास्त वजनही नव्हतं. मग तुटला का? त्या काळी समजूत अशी की हादरे खाऊन खाऊन लोखंडाचा पोत बदलतो, ते आतून स्फटिकासारखं ठिसूळ होतं. थोडक्यात, लोखंड म्हातारं होतं. रँकिन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने १८४३ मध्ये तुटलेल्या आसांवर निबंध लिहिला. वय जेमतेम बावीस-तेवीस, म्हणजे आपल्याकडे कॅम्पस प्लेसमेंटचं. त्याचं म्हणणं होतं की धातू बदलत नाही. आसाची जाडी जिथे एकदम बदलते, त्या कोपऱ्यात बारीक चीर सुरू होते आणि रोज थोडी थोडी आत सरकत जाते. पुढे प्रशियन रेल्वेतल्या व्होलरने १८५० आणि ६० च्या दशकांत लोखंडाचे तुकडे मशीनवर लाखो वेळा वाकवून मोजमाप केलं. एका झटक्यात जे वजन लोखंड सहज पेलतं, त्याहून कितीतरी कमी वजन लाखो वेळा दिलं तर ते तुटतं, हे त्याने आकड्यांत दाखवलं. आम्ही एस-एन कर्व्ह म्हणून आठ मार्कांसाठी जे पाठ केलं होतं, त्याचं मूळ हे. कॉलेजात कोणी सांगितलं असतं की त्या वळणदार रेघेमागे कुलूपबंद डब्यात जळालेली माणसं आहेत, तर कदाचित लक्षात राहिलं असतं.

पण नुसतं कळून काय उपयोग? कारखान्यात आलेल्या आसात चीर आहे की नाही, हे बघणार कसं? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला रेल्वे वर्कशॉपांत जी रीत रूढ होती, ती अशी: भाग स्वच्छ करा, रॉकेल मिसळलेल्या तेलात बुडवा, पुसा, वर खडूचा लेप द्या, वाळू द्या आणि हातोडीने ठोका. चिरेत लपलेलं तेल बाहेर येऊन खडूवर डाग पडतो. १९४० च्या दशकात त्याच कल्पनेवर अंधारात चमकणारे रंग आले आणि त्यांनी विमानांचे भाग तपासले जाऊ लागले. आज आसांना अल्ट्रासॉनिक लावतात. पण मूळ रीत म्हणजे काकांचं डिझेल आणि खडू!

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेलो. "काका, हे शिकले कुठं तुम्ही?"

"माह्या बापानं शिकवलं. मूर्तिजापूरले फिटर होते, लोकोशेडात."

मूर्तिजापूर! म्हणजे आपली शकुंतला. यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनवर आणून मुंबईला पोचवण्यासाठी किलिक-निक्सन कंपनीने उभारलेली नॅरो गेज. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, आणि दुसरा फाटा अचलपूरला ७६. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन या मार्गावर १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. आता ती गाडीही थांबलीय. सत्तर वर्षं एकच इंजिन ओढत ठेवायचं तर कुठला दांडा कधी दगा देईल हे कोणाला तरी रोज बघावं लागत असणार. काकांचे वडील ते बघत होते. पोराला सायकलचं दुकान टाकून दिलं, आणि त्यासोबत रॉकेल-खडूही.

मी थोडं गणित केलं. अठ्ठावीस इंची चाकाला एक किलोमीटरला साधारण ४५० फेरे. पॅडल १८५ वेळा फिरतं, म्हणजे ३७० वेळा पाय दाबतो. दहा किलोमीटरला ३,७००. प्रत्येक दाबात ती चीर किंचित उघडायची आणि मिटायची. तो माझा "कट्" बहुतेक तिचाच.

अमरावतीच्या त्या माणसाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, मी तशीच घेतली, तशीच देली." खरं असेलही. लांबी कोणी भरली, रंग कोणी मारला, त्याच्याही आधी ती कोणी कुठे ठोकली, याचा माग कुठवर काढणार? पैसे मागितले नाहीत.

"पितळ मारून जोडता येईल का?" मी काकांना विचारलं.

"येते ना. पन मी नाई मारत. लेकराची सायकल हाये न?"

त्यांनी हॅक्सॉ दिला. भंगारवाल्याने ती पुन्हा रंगवून विकू नये, म्हणून रेघेच्या दोन्ही बाजूंनी मीच कापायचं ठरलं. तो आखूड तुकडा काकांनी पान्यात धरून एकदाच वाकवला. फारसा जोर न लावता तो रेघेवर मोडला. तोंड उजेडात धरलं. घेराचा अर्ध्याहून जास्त भाग गंजून तपकिरी-काळा, म्हणजे बऱ्याच दिवसांपूर्वीच सुटलेला. उरलेला भाग आत्ता तुटलेला, चांदीसारखा चमकत होता.

काकांनी बोटाने तो चमकता भाग दाखवला. "एवढ्यावर गेल्ता तू बोरगावले."

भाच्यासाठी नवी सायकल घेतली. तो तुकडा माझ्या टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी आहे.