कॅडिलॅकच्या पोटातला ब्युइक : १९५३ ची आग आणि ‘अस्सल’ गिअरबॉक्सचा प्रश्न

१/१४
जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार करणाऱ्यांपुढे कधी कधी एक कोडे उभे राहते. समोर १९५३ सालची कॅडिलॅक असते. त्या काळी कॅडिलॅकला हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवीत, हे सर्वज्ञात. पण गाडीखाली शिरून पाहावे तर तेथे ब्युइकचा डायनाफ्लो! मधल्या कोणा मालकाने मिळेल तो गिअरबॉक्स बसवून वेळ मारून नेली, असाच पहिला तर्क होतो. हा तर्क साफ चुकीचा असू शकतो. त्यामागच्या इतिहासाचा हा धागा.

२/१४
आरंभ अर्ल थॉम्प्सन या अभियंत्यापासून करावा लागतो. गिअर बदलताना दात्यांची होणारी खडखड थांबवणारी सिंक्रोमेश यंत्रणा १९२८ च्या सुमारास कॅडिलॅकमध्ये आली, ती त्याच्या प्रयत्नांतून. पुढे जनरल मोटर्समध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली चालकाला क्लचच्या पायपट्टीपासून मुक्त करण्याचे काम झाले. १९३९ च्या शरदात, १९४० च्या मॉडेलची ओल्ड्समोबाइल हायड्रामॅटिकसह बाजारात उतरली. १९४१ च्या मॉडेलपासून तो कॅडिलॅकमध्येही मिळू लागला.

३/१४
या यंत्राची मूळ कल्पना सोपी आहे. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. फ्लुइड कपलिंगमध्ये हवेच्या जागी तेल असते. गाडी उभी असताना इंजिन बंद पडत नाही, कारण दोन्ही भागांत घट्ट धातूची जोडणी नसते. मात्र फ्लुइड कपलिंग इंजिनाचा जोर वाढवू शकत नाही. ते काम दातेरी चक्रांनाच करावे लागते.

४/१४
ती चक्रे ग्रहमालेसारखी असतात : मध्यभागी ‘सूर्य’, भोवती ‘ग्रह’ आणि बाहेरून दातेरी कडे. हायड्रामॅटिकमध्ये पुढे जाण्यासाठी असे दोन संच होते. एकाचे गुणोत्तर १.४५, दुसऱ्याचे २.६३. दोन्ही कामाला लागले की गुणाकार सुमारे ३.८ : हा पहिला गिअर. फक्त मागचा संच लागला की दुसरा, फक्त पुढचा लागला की तिसरा आणि दोन्ही थेट फिरू लागले की चौथा. दोन संचांतून चार गिअर साधणारी ही मांडणी आजही कौतुकास्पद वाटते.

५/१४
अडचणही याच मांडणीत दडलेली होती. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना एक संच सोडायचा आणि त्याच क्षणी दुसरा पकडायचा असतो. वेळ किंचित चुकली तरी गाडीला हिसका बसतो, नाहीतर इंजिन मोकळेच भणाणते. ही वेळ साधण्यासाठी ना वीज होती, ना संगणक. गाडीच्या वेगानुसार आणि ॲक्सिलरेटरनुसार बदलणारे तेलाचे दाब एका झडपपेटीत एकमेकांशी झुंजत आणि त्या झुंजीचा निकाल म्हणजे गिअर.

६/१४
मग युद्ध आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत नागरी मोटारींचे उत्पादन थांबले. हायड्रामॅटिकचे थांबले नाही. एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅकची दोन व्ही-८ इंजिने होती आणि प्रत्येकासोबत एक हायड्रामॅटिक. पुढे एम-२४ चॅफी रणगाड्यातही हीच जोडी आली. श्रीमंतांची सोय म्हणून हिणवले गेलेले यंत्र चिखलात आणि वाळूत चालून दाखवू लागले.

७/१४
युद्धोत्तर काळात मागणी वाढतच गेली. १९४८ मध्ये पाँटिॲकने हायड्रामॅटिक स्वीकारला. प्रतिस्पर्धी फोर्डच्या लिंकन मोटारींतही तो दिसू लागला. इंग्लंडमध्ये रोल्स-रॉईसने परवाना घेऊन तो बनवला. पण अमेरिकेतले उत्पादन मात्र डेट्रॉइटजवळील लिव्होनिया येथील एका अवाढव्य कारखान्यात एकवटले होते. कार्यक्षमतेचा हा कळस होता आणि संकटाची पूर्वतयारीही.

८/१४
१२ ऑगस्ट १९५३. छताजवळ गॅसच्या ज्योतीने कापकाम चालू असताना उडालेल्या ठिणग्यांनी कन्व्हेयरखालच्या तेलाच्या तबकाने पेट घेतला. कारखाना म्हणजे आडभिंती नसलेली एकच प्रचंड शेड होती आणि बहुतांश भागात पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते. उष्णतेने छतावरचे डांबर वितळून खाली ठिबकू लागले आणि छतानेच आगीला इंधन पुरवले. कामगारांचे प्राण गेले, कारखाना भुईसपाट झाला. तोवरच्या अमेरिकन औद्योगिक इतिहासातल्या सर्वांत मोठ्या अग्निहानींत तिची गणना झाली. कारखान्यांची छते आणि आगरोधक भिंती यांविषयीचे नियम पुढे या राखेतून लिहिले गेले.

९/१४
दुसऱ्या दिवशीचा प्रश्न असा : इंजिने तयार, सांगाडे तयार, गिअरबॉक्सच नाहीत. कंपनीने घरातच शोध घेतला. कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबाइलला ब्युइकचा डायनाफ्लो देण्यात आला, पाँटिॲकला शेवरलेचा पॉवरग्लाइड. दरम्यान कायझर कंपनीची विलो रन येथील इमारत ताब्यात घेण्यात आली. युद्धकाळात फोर्डने जेथे बी-२४ बॉम्बफेकी विमाने बांधली, तीच ही जागा. काही महिन्यांतच तेथून हायड्रामॅटिक पुन्हा बाहेर पडू लागले.

१०/१४
ही अदलाबदल वाटते तितकी सरळ नव्हती. ब्युइकमध्ये चाकांकडे जाणारा दांडा टॉर्क ट्यूब या बंद नळीत फिरे. कॅडिलॅकमध्ये तो उघडा असे. म्हणजे गिअरबॉक्सचे मागचे टोकच जुळत नव्हते, त्याला जोडभाग लागत होते. स्वभावही वेगळा होता. डायनाफ्लो एरवी स्वतःहून गिअर बदलत नसे, टॉर्क कन्व्हर्टरवरच सारा भार टाके. चाल लोण्यासारखी, पण उचल मंद. आज हौशी मंडळी गॅरेजमध्ये करतात तो प्रकार तेव्हा खुद्द कारखान्याने, हजारोंच्या संख्येने आणि घाईघाईत केला.

११/१४
आता आजच्या कार्यशाळेत येऊ. जुना हायड्रामॅटिक उघडणे हे एखादे दप्तर उघडण्यासारखे असते. तळाच्या तबकातला गाळ आधी वाचायचा : काळी भुकटी म्हणजे झिजलेले क्लच, चकाकणारा कीस म्हणजे झिजलेला धातू. रबरी सील कडक झालेले असतात, झडपा तेलाच्या लाखेसारख्या थराने अडकलेल्या असतात. सारे धुऊन, मोजून, नवे सील आणि घर्षण-चकत्या घालून, पट्ट्यांचा ताण जुळवावा लागतो. जोडणीपूर्वी तेलाच्या मार्गांत हवेचा दाब सोडून प्रत्येक क्लच पकडतो की नाही, हे तपासतात. येथे घाई केलेल्याला सगळे पुन्हा उलगडावे लागते.

१२/१४
तेलालाही इतिहास आहे. १९४९ मध्ये जनरल मोटर्सने ‘टाइप ए’ हे खास तेल ठरवून दिले. क्लच हळुवार पकडावेत म्हणून अशा तेलांत स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मिसळले जाई. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेने देवमाशाला कायद्याचे संरक्षण दिले आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला. तेलाच्या त्या जुन्या डब्याशी महासागरातली शिकारही जोडलेली होती.

१३/१४
दुसरा मार्ग आधुनिक गिअरबॉक्स बसवण्याचा. १९८२ मध्ये आलेला ७००-आर-४ यासाठी लोकप्रिय आहे. त्याचा चौथा गिअर ०.७० चा, त्यामुळे महामार्गावर इंजिन शांत राहते. पण जुन्या कॅडिलॅक इंजिनाला तो थेट बसत नाही. जोडपट्टी, नवा आधार आणि योग्य लांबीचा दांडा लागतो. ॲक्सिलरेटरपासून येणारी केबल तर अचूकच जुळवावी लागते. ती चुकली की तेलाचा दाब कमी पडतो आणि नवे कोरे क्लच जळून जातात. गाडी रोज चालवायची असेल तर हा मार्ग स्वीकारण्यात कमीपणा नाही. फक्त काढलेला मूळ गिअरबॉक्स भंगारात देऊ नये आणि सांगाडा कापू नये.

१४/१४
आता मूळ कोडे. त्या कॅडिलॅकमधून डायनाफ्लो काढून ‘अस्सल’ हायड्रामॅटिक बसवावा का? पोथ्यांचा अभ्यासक वेगळा पाठ दिसला म्हणून लगेच तो प्रक्षिप्त ठरवत नाही. आधी तो कधी आणि का आला, ते पाहतो. येथेही तसेच करावे. गाडी ऑगस्ट १९५३ नंतर बाहेर पडली आहे का, कारखान्याची नोंद काय म्हणते, जोडभाग कारखान्याचे आहेत की गॅरेजचे? ती कसोटी उतरली, तर तो डायनाफ्लोच तिचा अस्सल पाठ आहे. लिव्होनियाच्या त्या दिवसाचा आणि तेथे जीव गमावलेल्या कामगारांचा पुरावा त्या गाडीच्या पोटात आहे. अस्सलतेच्या हौसेपोटी तो पुसून टाकू नये. (धागा समाप्त)